खिडकीतला कारकून गेला, बायोडेटा तोच राहिला

परवा एक बातमी प्रिंट करायला नेटकॅफेत गेलो होतो. शेजारी आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला एक पोरगा पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन अर्ज भरत होता. त्याचा रेझ्युमे बघितला. नाव, वडिलांचे नाव, जात, धर्म, उंची, छंद क्रिकेट. गड्याने दोन वर्षं साखर कारखान्यात मोटार रिवाइंडिंग आणि पॅनेल वायरिंग केलंय. ते कुठंय? तर तळाला, "अनुभव : २ वर्षे". बस्स.

त्याला हसू नका. हा नमुना त्याच्या वडिलांच्या पिढीचा आहे, आणि त्या पिढीला तो सरकारी खिडकीवर मिळाला.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना कामाला लावायचं होतं, म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारने रोजगार कार्यालयांची व्यवस्था उभी केली. फाळणीनंतर निर्वासितही तिथेच आले. १९४८ पासून दार सगळ्यांना उघडलं, १९५६ मध्ये कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि २५ पेक्षा कमी कामगार नसलेल्या खासगी कारखान्यांना रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं झालं. (कळवणं सक्तीचं, तिथूनच माणूस घेणं नव्हे. ही पळवाट कायद्यातच होती.) पाटीवर सेवायोजन कार्यालय, लोकांच्या तोंडी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज.

तिथं उमेदवाराने स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या नसायच्याच. कारकून विचारायचा, आपण सांगायचं. शिक्षण बघून तो कार्डावर व्यवसायाचा संकेतांक टाकायचा. जागा निघाली की त्या संकेतांकाची कार्डं निघायची आणि नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार नावं जायची. म्हणून जन्मतारीख, जात, नोंदणी क्रमांक यांना सोन्याचं मोल. तुम्हाला येतं काय आणि जागेला हवं काय, हे जुळवणं खिडकीपलीकडच्या माणसाचं काम. मीसुद्धा बारावीनंतर रांगेत उभं राहून कार्ड काढलं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण केलं. कॉल काही आला नाही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त एक्स्चेंजच्या नावांवर भरती नको, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. पुढच्याच वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झालं. खिडकी मागे पडली, पण आमच्याकडे टायपिंगवाल्याने आणि नंतर डीटीपीवाल्याने बायोडेटा छापला तो त्याच कार्डाच्या रकान्यांवरून. तोच आज मोबाईलवर फिरतोय.

आता कारकुनाच्या जागी बऱ्याच कंपन्यांत सॉफ्टवेअर बसलंय. तेही जुळवतं, पण संकेतांक टाकून देत नाही. जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदात शोधतं. "पॅनेल वायरिंग" लिहिलं नसेल तर त्याच्या लेखी तुम्हाला ते येत नाही. त्यात आमचे डीटीपीवाले कृतिदेवमध्ये टाइप करतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण मशीनला आत इंग्रजी अक्षरांचा काला मिळतो. कागदाचा फोटो काढून पीडीएफ केली तर कित्येकदा तेवढंही मिळत नाही.

बातमी बाजूला ठेवली आणि दोघं बसलो. वरती नाव, चालू मोबाईल नंबर, गाव. लगेच खाली काम : किती हॉर्सपॉवरच्या मोटारी बांधल्या, कुठल्या खात्यात, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. जाहिरात उघडून तिच्यातले शब्द तपासले. जे खरंच येत होतं तेवढंच घेतलं. "पीएलसी पण टाकू का?" म्हणाला. येतं का? "बघितलंय." मग नको, मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल. सगळं युनिकोडमध्ये, एका पानात. फाइलचं नाव होतं "न्यू फायनल २". तिथं त्याचं नाव आणि इलेक्ट्रिशियन टाकलं.

जातीच्या ओळीवर त्याचा हात थांबला. "काका, काढू? सरकारी फॉर्मला लागेल ना?"

सरकारी फॉर्मला वेगळा रकाना असतो, तिथं भर म्हटलं. ती ओळ त्याने काढली. क्रिकेट मात्र काढू दिलं नाही.