काळ्या लोकरीची तक्रार

पॅरिसमध्ये बिएव्र नदीच्या काठी पंधराव्या शतकात गोबलँ आडनावाचे रंगारी राहत होते. त्यांचा लाल रंग नावाजलेला. पुढे कुटुंबाने रंगकाम सोडलं, पण जागेला त्यांचं नाव राहिलं. १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने ती जागा राजासाठी विकत घेतली आणि पॅरिसमधले टॅपेस्ट्री विणणारे कारागीर तिथे एकत्र आणले.

टॅपेस्ट्रीत आधी कापड आणि मग त्यावर चित्र, असं नसतं. दोन्ही एकदमच घडतात. बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी; आपल्या रंगापुरती फिरायची आणि मागे वळायची. येवल्याला पैठणीच्या पदरावरचा मोर विणतात तो याच रीतीने. गोबलँचा माग मात्र उभा असतो. विणकर कापडाच्या उलट्या बाजूला बसतो, नमुन्याचं चित्र त्याच्या पाठीमागे असतं आणि सुलट बाजू त्याला समोरच्या आरशात दिसते. बाणा इतका ठासून बसवायचा की ताणा कुठे दिसता कामा नये. चित्रकार दोन रंग कालवून तिसरा करतो. विणकराला रंग शेजारी शेजारीच ठेवावे लागतात. टॅपेस्ट्रीची खरी अवघड कला इथेच आहे, असं मला वाटतं.

या अडचणीतूनच एक मोठा शोध लागला. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल तिथल्या रंगविभागाचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत काळी लोकर फिकी पडते, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने दुसरीकडची काळी लोकर आणवून ताडून पाहिली. गोबलँची लोकर कुठेही कमी नव्हती. दोष शेजाराचा होता! निळ्यालगतच्या काळ्यावर डोळ्याला नारिंगी झाक भासते, जांभळ्यालगत पिवळी, आणि काळा विटल्यासारखा दिसतो. रंग तपासायचा तर त्याच्या शेजारच्या रंगासकट तपासायला हवा, हे त्याने पुढे प्रयोगांनी सिद्ध केलं आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या जॉर्ज सराने तो अभ्यासला होता.

शेव्ह्रल १०२ वर्षं जगला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे. माझ्या मते या शोधाचं निम्मं श्रेय मागावरच्या माणसांचं आहे. काळ्यातला फरक आधी त्यांच्या डोळ्यांना खुपला.