मामा आणि फिलाडेल्फिया

२००८ साली मामांच्या रिपोर्टवर 'फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह' असं आलं. मामी म्हणाली, "हे तर नाशिक सोडून कुठे गेलेच नाहीत!"

मग शोधाशोध केली. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक खुजं गुणसूत्र दिसलं. सापडलं त्या गावाचं नाव त्याला मिळालं. तुकडा हरवलाय, असा समज होता. १९७३ मध्ये जॅनेट राऊलींनी दाखवलं, की २२ नंबरचा तो तुकडा ९ नंबरवर जाऊन बसलाय. ९ चाही तुकडा २२ वर येतो, हे पुढे कळलं.

म्हणून नवं नाव: टी(९;२२)(क्यू३४;क्यू११). टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, मग गुणसूत्रांचे नंबर, क्यू म्हणजे लांब बाहू, शेवटी पट्ट्याचा आकडा. चक्क पोस्टाचा पत्ता!

पत्ता कळला म्हणून तिथे तयार होणारं बिघडलेलं प्रथिन सापडलं आणि ते रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. पेटंटच्या वादात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन लढली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं आणि स्वस्त भारतीय गोळ्या टिकल्या.

मामा ती गोळी घेऊन आजही सकाळी गंगेवर फिरायला जातात. फिलाडेल्फिया मात्र अजून पाहायचंय.