चंद्राचा डाग

मतदान केल्यावर डाव्या तर्जनीवर उमटणारी काळी रेघ आणि फेफऱ्याचं जुनं विलायती औषध, यांचं कूळ एकच आहे: सिल्व्हर नायट्रेट.

चांदीच्या औषधी गुणांची कथा बहुतेक जण इराणच्या सायरस राजापासून सुरू करतात. राजा मोहिमेवर निघाला की खोआस्पेस नदीचं पाणी चांदीच्या भांड्यांतून सोबत जाई, असं हेरोडोटस लिहितो. पण ते पाणी आधी उकळलेलं असे, हेही तोच लिहितो. मग श्रेय भांड्याला कसं द्यायचं? उष्टावणाच्या चांदीच्या वाटीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. चांदीचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरून जंतू मारतात हे खरं, पण त्याला वेळ लागतो. वाटीतल्या खिरीला तो मिळत नाही.

माझ्या मते चांदीची औषधापर्यंतची खरी वाट चंद्रावरून येते. युरोपातल्या किमयागारांनी सात धातू सात ग्रहांना वाटून दिले होते. त्यात चांदी चंद्राची. आपल्याकडेही ती चंद्राचीच. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून मिळणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटच्या स्फटिकांना म्हणूनच चंद्राचं नाव पडलं. फेफरं चंद्राच्या कलांबरोबर येतं अशी समजूत होती, तेव्हा त्यावर उताराही चंद्राचाच. कुणी म्हणेल, जखमा डागण्याचं औषध होतं, तेच पुढे पोटात गेलं. मला हे पटत नाही. डागायला इतरही दाहक द्रव्यं होती. फेफऱ्यासाठी नेमकं चंद्राचंच का उचललं?

एकोणिसाव्या शतकातही डॉक्टर फेफऱ्यावर ते देत होते. दीर्घकाळ घेणाऱ्यांची कातडी राखाडी-निळी पडे आणि तशीच राही. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, तेव्हा चांदी मागे हटू लागली.

कातडी अशी का काळवंडते? अँजेलो साला यांनी १६१४ साली नोंदवलं होतं की या स्फटिकांची पूड उन्हात काळवंडते. पुढे छायाचित्रण चांदीच्या क्षारांच्या याच गुणावर उभं राहिलं. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातली शाई मतदारांच्या बोटाला लागते, तीही याच गुणावर: त्वचेवरच्या मिठाशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनतं आणि उजेडात काळं पडतं. औषधाचा दोष इथे कामाला आला.

हेच सिल्व्हर नायट्रेट जंतुनाशक म्हणून मात्र खरोखर तारक ठरलं. लायपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८० पासून नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचे दोन टक्क्यांचे थेंब घातले आणि आईकडून येणाऱ्या परम्याच्या संसर्गाने होणारं आंधळेपण झपाट्याने घटलं. भाजलेल्या जखमांवरचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही याच कुळातलं, १९६८ मधलं.

तेव्हा डॉक्टरांनी दिलं तर चांदीचं मलम जखमेवर जरूर लावा. पण ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणून विकलं जाणारं पाणी पिऊ नका. बोटावरची शाई नखाबरोबर वाढून निघून जाते. चेहऱ्यावर चढलेला निळा रंग जात नाही.