एकसरच्या शिळांवरील जहाजे

दौंड परिसरातून वाहणाऱ्या भीमेच्या खोऱ्यात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा, बहुधा गोधनासाठी झालेली झुंज दाखवते. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील काही वीरगळांवर मात्र समुद्र अवतरतो आणि महाराष्ट्रातील जहाजांच्या प्रतिकृतींचा इतिहास सांगताना त्यांनाच अग्रस्थान द्यावे लागते. त्यांवर तळाच्या चौकटीत डोलकाठ्या उभारलेली, वल्ह्यांची रांग असलेली व टोकाला उंच उचललेली जहाजे युद्धाला निघतात, वरच्या चौकटींत संग्राम पेटतो आणि शिरोभागी वीर शिवलोकी पोहोचतो. एकाच घटनेचे क्रमवार टप्पे दाखवणारा हा देखावा दगडातील असामान्य कथनच होय. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील, सुमारे 1265 च्या आरमारी संघर्षाशी अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. जहाजाची नेमकी मापे वा फळ्यांची जोडणी येथे मिळत नाही, कारण शिल्पकाराला माणसे ठळक दाखवण्यासाठी नौका आखूड कराव्या लागल्या. तरीही लाकडी सांगाडे नष्ट झालेल्या त्या काळातील युद्धनौकांची बाह्याकृती पुन्हा घडवू पाहणाऱ्या कारागिराला याहून मोलाचा स्थानिक आधार क्वचितच सापडेल.