विष्णुबावांचे कोठार

विष्णुबावा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) विद्यार्थ्यांना ठाऊक असतात ते १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी झालेल्या वादविवादांमुळे. वेदाभिमानी वक्ता एवढी नोंद करून आपले वाङ्मयेतिहास पुढे सरकतात. ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ (१८५९) पाहता ती चूकही नव्हे. परंतु १८६७ सालचा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ त्या चौकटीत मावत नाही. सर्व प्रजा हे एक कुटुंब, जमीन सर्वांची. पिकेल ते गावच्या कोठारात जावे आणि ज्याला लागेल तितके त्याने तेथून न्यावे, असे बावा त्यात मांडतात. त्याच वर्षी हॅम्बुर्गला मार्क्सच्या ‘दास कॅपिटल’चा पहिला खंड निघाला, त्यामुळे बावांना आद्य मराठी साम्यवादी ठरविण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांला ते पटत नाही. बावांच्या मांडणीत वर्गसंघर्ष नाही, राजा आहे. आणि तो पित्यासारखा वागेल हा विश्वास अर्थशास्त्र्याचा नव्हे, प्रवचनकाराचा आहे.

तरीही निबंध बाजूला ठेववत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ज्या गेवराई तालुक्यातून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे बसून वाचताना ते कोठार भाबडे वाटत नाही. किल्ली कोणाकडे, एवढेच आधी मनात येते. बावा ती निःशंकपणे राजाच्या हाती देतात.