ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी (आधुनिक युरोपीय मोटारी)

मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचे टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, फॉगलॅम्प आणि नंबरप्लेटचा दिवा पुढच्या गाडीबरोबर लागावेत-विझावेत यासाठी केलेली विद्युत जोडणी. जुन्या गाडीत हे तासाभराचे काम होते. टेललाइटच्या वायरींना फाटे मारायचे, सात पिनांचे सॉकेट बसवायचे आणि टेप गुंडाळून मोकळे व्हायचे. आजच्या फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू गाडीत तोच फाटा डॅशबोर्डवर इशारे आणतो, दिवे लुकलुकवतो आणि प्रसंगी महागडे कंट्रोल युनिट बाद करतो. या गाड्यांत दिव्याला वीज पुरवणारे आणि त्या दिव्यावर पाळत ठेवणारे युनिट एकच असते. अनोळखी बल्ब त्याला खपत नाही.

स्थानिक संदर्भ : सातिवली हे वसई पूर्वेचे, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे (पूर्वीचा क्र. ८, आताचा ४८) गाव वसई-विरार महापालिकेत येते. गरम पाण्याच्या झऱ्यांची सातिवली ती वेगळी, पालघर तालुक्यातली. वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात कारखान्यांचे गाळे आहेत आणि महामार्गावरून गुजरात-न्हावाशेवा अशी कंटेनरची ये-जा दिवसरात्र चालते. त्यामुळे ‘ट्रेलर’ म्हटले की इथल्या माणसाला चाळीस फुटी कंटेनर आठवतो. कारमागची होडी किंवा कारवाँ नव्हे. महामार्गावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा हातही त्यावरच बसलेला असतो. कंटेनर ओढणारा ट्रक चोवीस व्होल्टचा, कार बारा व्होल्टची. ट्रकवर फाटा मारून भागते, म्हणून कारवरही भागेल असा हिशेब केला की घोळ सुरू होतो. ज्या गाड्यांबद्दल हे चालले आहे त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातच जुळतात : स्कोडाचा कारखाना २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहे, फोक्सवॅगनचा २००९ पासून चाकणला, आणि मर्सिडीजही चाकणचीच.

सॉकेट आणि पिना : बारा व्होल्टच्या सात पिनी सॉकेटला आयएसओ १७२४ हे मानक लागू आहे. १ डावा इंडिकेटर (पिवळी वायर), २ मागचा फॉगलॅम्प (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेललाइट (तपकिरी), ६ ब्रेकलाइट (लाल), ७ डावा टेललाइट व नंबरप्लेट (काळी). सॉकेटच्या पाठीवर या आकड्यांऐवजी किंवा जोडीला ३१, ५४, ५८एल अशी जर्मन डिन मानकाची चिन्हे असतात. ३१ म्हणजे अर्थ, ५४ म्हणजे ब्रेक, ५८ म्हणजे टेल. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नये. बाजारातली सात पदरी केबल मानकाप्रमाणेच रंगवलेली असेल याची खात्री नसते, आणि ट्रेलर आधी दुसऱ्या कोणी दुरुस्त केला असेल तर नसतेच. टेस्ट लॅम्पने एकेक पिन पाहणे, हाच खरा नकाशा.

युरोपात आता तेरा पिनी सॉकेट (आयएसओ ११४४६) रूढ आहे. पहिल्या सात पिनांचे काम तेच. आठवी रिव्हर्स दिव्याची, नववी बॅटरीकडून कायम येणाऱ्या विजेची, दहावी चावी फिरवल्यावर मिळणाऱ्या विजेची. तिसरी, अकरावी आणि तेरावी या तिन्ही अर्थच्या, आणि ट्रेलरच्या बाजूला त्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, असे मानक सांगते. ‘सगळे अर्थ शेवटी एकच’ म्हणून गाळ्यात त्या हमखास एकत्र वळल्या जातात. मग कारवाँच्या फ्रीजचा जड प्रवाह दिव्यांच्या अर्थमधून परतू लागतो आणि फ्रीज चालू असताना दिवे मंदावतात. साधा सामानाचा ट्रेलर ओढणाऱ्याला तेरा पिनांची गरज नाही, सात पुरतात.

पाळत ठेवणारे युनिट : बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन ही संदेशवाहिनी जाहीर केली. एका जोड वायरीवरून गाडीतली सगळी युनिट्स एकमेकांशी बोलू लागली आणि बटणापासून बल्बापर्यंत जाणारी सरळ वायर हळूहळू नाहीशी झाली. आज इंडिकेटरची दांडी खाली केली की फक्त एक संदेश निघतो. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूल वाचते आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून बल्बला वीज सोडते. किती अँपिअर गेले हेही तोच स्विच मोजतो. २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. कमी गेले तर बल्ब उडाला, जास्त गेले तर शॉर्ट, असा मॉड्यूलचा निवाडा. ट्रेलरचा दुसरा २१ वॅटचा बल्ब त्याच वायरीवर टांगला की मोजमाप दुपटीवर जाते.

गोष्ट इथेच थांबत नाही. बऱ्याच मॉडेलांत टेल आणि ब्रेक या दोन्ही कामांना एकच बल्ब आणि एकच वायर असते. टेललाइटच्या वेळी मॉड्यूल वीज सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करून तो बल्ब मंद ठेवते. या वायरीवर फाटा मारला तर ट्रेलरला टेल कुठला आणि ब्रेक कुठला हे कळायला मार्गच उरत नाही. मध्ये साधा रिले घातला तर तो भुणभुणत बसतो. शिवाय दिवे बंद असतानाही मॉड्यूल अधूनमधून क्षणभर वीज सोडून बल्ब शाबूत आहे का ते पाहते. साध्या बल्बला ती कळत नाही, पण एलईडीला तेवढी पुरते, म्हणून उभ्या गाडीमागे ट्रेलरचे एलईडी दिवे आपोआप चमकताना दिसतात. याला ‘भूत’ म्हणून नवा दिवा आणला जातो आणि तोही तसाच चमकतो. बीएमडब्ल्यूच्या काही पिढ्यांत मॉड्यूल शॉर्टची मोजदाद ठेवते. संख्या भरली की ती वाट बंद. मग बल्ब बदला, वायर बदला, निदान यंत्राने मोजणी पुसल्याशिवाय दिवा लागत नाही.

जोडणीच्या पद्धती : टिकणाऱ्या दोनच. पहिली बायपास रिलेची. छोटा डबा गाडीच्या दिव्यांच्या वायरींतून फक्त इशारा घेतो, काही मिलीअँपिअरचा, आणि ट्रेलरला लागणारी वीज बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजच्या केबलने आणतो. धोक्याच्या इशाऱ्याचे दोन्ही इंडिकेटर, ब्रेक, फॉग, टेल आणि नंबरप्लेट असे सगळे एकदम लागले तर ट्रेलर सुमारे १२० वॅट, म्हणजे दहा अँपिअर घेतो. त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. तो मागे डिकीत बसवला तर मधल्या चार मीटर केबलला कोणाचेच संरक्षण नाही. टेल-ब्रेक एकाच वायरीवर असलेल्या गाडीत मात्र तशा इशाऱ्याचा अर्थ लावू शकणाराच डबा हवा, स्वस्तातला चालत नाही.

दुसरी पद्धत त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या तयार जुडग्याची. त्यात ट्रेलरचे स्वतंत्र मॉड्यूल असते, ते कॅनला जोडले जाते आणि दिव्यांचे हुकूम थेट तिथून वाचते. वायर बसवून काम संपत नाही, गाडीला ‘आता ट्रेलर आहे’ हे सांगावे लागते. यालाच कोडिंग म्हणतात. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत निदान यंत्रावर ट्रेलर मॉड्यूलचा पत्ता ६९. तो गेटवेच्या, म्हणजे युनिट्सना एकमेकांशी जोडणाऱ्या मॉड्यूलच्या, यादीत (पत्ता १९) नोंदवायचा. आठव्या पिढीच्या गोल्फपासून या गटाने कोडिंगला कुलूप घातले आहे, ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडून उघडावे लागते. कोडिंग झाले की लाभ केवळ दिव्यांचा नाही : रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर ट्रेलरलाच अडथळा समजून कोकलत नाहीत, गाडीचा फॉगलॅम्प विझून फक्त ट्रेलरचा लागतो, आणि ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला तर ईएसपी (गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा) चाकांना ब्रेक लावून तो सावरते. खर्च बायपास रिलेच्या कितीतरी पट. वर्षातून दोनदा होडी समुद्रावर नेणाऱ्याला रिले पुरतो. महामार्गावर वेगाने कारवाँ ओढणाऱ्याने मात्र हार्नेसच घ्यावा, कारण ईएसपीचा तो एक गुण बाकी सगळ्या खर्चाची भरपाई करतो.

यांपैकी काहीही करण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिले आहे का ते पाहावे. नसेल तर वायरिंगचा प्रश्नच मिटला.

अर्थ आणि पाऊस : ट्रेलरच्या दहा तक्रारी ऐकल्या तर बहुतेक अर्थपाशी येऊन थांबतात. लक्षण ठरलेले : डावा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की टेललाइट विझतो. तिसऱ्या पिनेतून परत जायला वाट न मिळालेला प्रवाह दुसऱ्या बल्बांमधून रस्ता शोधत असतो. कधीकधी तो ५० मिलिमीटरच्या टो-बॉलमधून परततो. ट्रेलर उभा असताना सगळे नीट, खड्ड्यात आदळला की दिवे गुल. बॉलला ग्रीस असते, त्याच्यावर अर्थचा भार टाकायचा नसतो. केबलमध्ये दिव्यांसाठी दीड आणि अर्थसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार असावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. अर्थची वायर थेट त्या टोकावर कसली तर ट्रेलरने खाल्लेली वीज सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंगचे गणित चुकते. म्हणून ती बॉडीवरच्या नेमलेल्या बोल्टवर, रंग खरवडून कसावी.

वसईच्या दमट, खाडीकाठच्या हवेत पितळी पिनांवर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो. सॉकेटचे झाकण खालच्या बाजूला, पाणी निथळेल असे बसवावे, पिनांना व्हॅसलीन किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे आणि वायर चिमटून फोडणारे झटपट जोड कटाक्षाने टाळावेत. त्या चिमट्यातून पाणी तांब्यात शिरते आणि वायर आवरणाच्या आत काळी पडते. क्रिम्प करून वर गोंदाची हीटश्रिंक नळी चढवणे हा साधा इलाज.

बल्बांची गल्लत : महामार्गावरच्या दुकानात मिळणारे ट्रेलरचे दिवे बहुधा चोवीस व्होल्टचे असतात. तसा बल्ब बारा व्होल्टवर पिवळट, मंद जळतो आणि प्रवाहही इतका कमी घेतो की मॉड्यूल तो उडालेला समजते. दहा ते तीस व्होल्टचे एलईडी दिवे घेतले तर ही अडचण सुटते, फक्त त्यांचा प्रवाहही अल्प असल्याने ट्रेलर मॉड्यूल एलईडी ओळखणारे हवे. ऑनलाइन मिळणारे चार पिनी अमेरिकन संच तर घेऊच नयेत. त्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बमध्ये असतात. आपल्याकडे इंडिकेटर वेगळा आणि पिवळाच लागतो.

तपासणी : एकेक दिवा लावून पाहणे पुरेसे नाही. टेललाइट लावून, ब्रेक दाबून, वर इंडिकेटर देऊन पाहावे. अर्थचा दोष तेव्हाच उघडा पडतो. गाडीच्या बाजूची वायर शोधताना मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये, मल्टिमीटर वापरावा. सीटखालच्या पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हातही लावायचा नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(४६) मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे आणि त्याचीही वेगळी नोंदणी लागते, वसई भागात ती एमएच-४८ या क्रमांकाने होते. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. गाडीची मूळ पाटी ट्रेलरआड जाते, म्हणून सातव्या पिनेवरचा तो पाच वॅटचा दिवा.