पाखरे हाकणारा पोर

इंग्लंडच्या खेड्यातील गरीब घरचा मुलगा वयात केव्हा आला, हे त्याच्या जन्मतिथीवरून ठरत नसे. त्याच्या हाती कोणते अवजार आले आणि आठवड्याअखेर त्याने आईच्या हातावर किती पेन्स ठेवले, यावरून ते ठरे. वॉरिकशायर परगण्यातील बारफर्ड गावी १८२६ साली जन्मलेला जोसेफ आर्च हा अशांपैकीच एक. बाप मेंढपाळ, आई लोकांची धुणी धुणारी; शाळेत जेमतेम तीन वर्षे काढून हा पोर नवव्या वर्षी शेतावरील पाखरे हाकू लागला. बारा तास ओरडून घसा कोरडा करावा आणि त्याबद्दल रोजचे चार पेन्स घ्यावे, असा तो व्यवहार होता. (आपल्याकडे माळ्यावरच्या राखणदाराला निदान हुरडा तरी मिळतो!)

त्याच सुमारास धान्य महाग ठेवणाऱ्या कायद्याच्या बाजूने सही करण्यास बापाने नकार दिला, तेव्हा त्यास अठरा आठवडे कोणी कामावर घेतले नाही. घर आईच्या धुण्यावर चालले आणि ताटात बार्लीची भाकरी आली. पोराने नांगरामागून चालत मजुरी वाढवली, पुढे कुंपणाची झुडपे छाटण्याच्या कसबात नाव मिळवले व ठेकेदारीने मुलूखभर हिंडला. परंतु माझ्या मते त्याच्या निर्भयतेचे खरे मूळ निराळेच होते. इतर मजुरांची घरे मालकाची असत, तोंड उघडले की बिऱ्हाड रस्त्यावर येई. आर्च कुटुंबाची झोपडी मात्र स्वतःच्या मालकीची होती, तिच्यातून त्यास हुसकून लावण्याचा अखत्यार कोणा जमीनदारास नव्हता.

म्हणूनच ७ फेब्रुवारी १८७२ च्या अंधाऱ्या सायंकाळी, वेल्सबर्न येथील चेस्टनटच्या झाडाखाली जमलेल्या शेकडो मजुरांपुढे तो उभा राहू शकला, आणि त्याच वर्षी शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. आठ वर्षांखालील मुलांस शेतावर राबवू नये असा कायदा १८७३ साली झाला खरा. पण त्याची अंमलबजावणी इतकी शिथिल होती की मालकांस त्याची फारशी दखल घ्यावी लागली नाही. खेड्यातील मजूर कुटुंबप्रमुखास मताधिकार मिळाला तो १८८४ च्या कायद्याने. पुढच्याच वर्षी वायव्य नॉरफोक मतदारसंघाने आर्चला पार्लमेंटात पाठवले, १८८६ साली पाडले आणि १८९२ साली पुन्हा निवडून दिले.